भिंतीवर लिहिलेला रविवार

शुक्रवारी सकाळी सात वाजता नगरच्या दवाखान्यातून फोन आला. "तात्या, आई गेली," एवढंच ओम बोलू शकला.

गोरक्षनाथांच्या हातात धारेची बादली होती. मुलाला बायकोजवळ ठेवून ते आदल्या संध्याकाळी गावी परतले होते, कारण त्यांची म्हैस दुसऱ्या कोणाला धार काढू देत नाही. त्यांनी बादली खाली ठेवली, फोन सदऱ्याच्या खिशात घातला आणि ओसरीवर नुसते उभे राहिले. पुढे कितीतरी दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत राहिले, "मी धार काढाया आल्तो."

मी त्याच ओसरीवर, भिंतीलगतच्या बाकावर घडी होऊन पडलेली होते. माणसं जमू लागली तशी कोणीतरी म्हणालं, "सतरंजी टाका." चौघांनी मला ओढलं, झटकलं आणि दारापुढे पसरलं. पण पसरलं ते उलटं. ज्या बाजूला ठिगळं आहेत ती वर आली.

"अरं, उलटी टाकली की तुमी!" शेजारच्या बनुबाई ओरडल्या. "छबूनं बघितलं असतं तर एकेकाला..." आणि पुढचं न बोलता त्यांनी पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, तशी मी उलटी पडलेली असतानाच मला समजलं, की माझा सांभाळ करणारी बाई आता परत येणार नाही.

मी निंबदरे गावची सतरंजी. निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांची. लांबीला वीस हात, रुंदीला दहा. वय पस्तिशीच्या पुढे. माझा जन्म एका तुरुंगातल्या मागावर झाला. दोन कैदी मला विणायचे. त्यातल्या एकाला घरून पत्र यायचं, दुसऱ्याला कधीच नाही. ज्याला पत्र यायचं तो ते मोठ्याने वाचायचा. दुसरा सूत ठोकता ठोकता ऐकायचा, आणि मधेच हात थांबवून विचारायचा, "मग पुढं? त्या गाईचं काय झालं?" गाय त्याची नव्हती, गावही त्याचं नव्हतं. तरी तो ऐकायचा. मी जगात पहिल्यांदा पाहिलं ते हे.

नगरच्या एका प्रदर्शनातून निंबदऱ्याच्या महिला मंडळाने मला आणलं. एसटीच्या टपावर बांधून मी गावात आले, तेव्हा वेशीत नारळ फुटला होता. तोपर्यंत गाव गोणपाटावर बसत असे. मी आले आणि पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं. मला ठेवायचं कुठे? देवळात ठेवली तर देवळाचे पंच सांगतील कोणाला द्यायची. ग्रामपंचायतीत ठेवली तर सरपंच सांगेल. तेव्हा छबूबाई म्हणाल्या, "माझ्या वसरीवर ठेवा. मी कुणाचीच न्हाई."

बायका हसल्या. पण त्यांनी मला तिथेच ठेवलं.

छबूबाईंनी दाराशेजारी भिंतीचा एक चौकोन काळा रंगवून घेतला आणि वरच्या फळीवर खडू ठेवला. ज्याला सतरंजी हवी त्याने स्वतःच्या हाताने वार, वेळ आणि नाव लिहायचं. आधी लिहील त्याला आधी मिळेल. कशासाठी हवी हे लिहिलं तर लिहिलं, नाही तर विचारायचं नाही. आणि ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. दुसऱ्या कोणी त्या अक्षरांना हात लावायचा नाही, छबूबाईंनी स्वतःसुद्धा नाही. लिहिता न येणारे यायचे त्यांना त्या म्हणायच्या, "रेघ मार आनि तुझी खूण कर." भीमाबाई मोगऱ्याचं फूल काढायच्या. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फूल म्हणजे भीमाबाईंकडे काहीतरी आहे.

माझ्यावर काय काय झालं ते सांगायला बसले तर दिवस मावळेल. साखरपुडे झाले, बारशी झाली, डोळ्यांची शिबिरं झाली. दोन सख्खे भाऊ माझ्या दोन टोकांना बसून बांधावरून भांडले आणि मधल्या पट्ट्यावर येऊन जेवले. एका निवडणुकीत सकाळी एका पक्षाची सभा झाली आणि संध्याकाळी दुसऱ्याची. सकाळच्यांनी संध्याकाळच्यांना चोर म्हटलं, संध्याकाळच्यांनी सकाळच्यांना. मला तर दोघांच्या घामाचा वास सारखाच आला. चप्पल मात्र दोघांनाही बाहेर काढावी लागली. त्याबाबतीत छबूबाई आमदाराचंही ऐकत नसत.

एकदा अवकाळी पावसात एक बागायतदार धावत आला. त्याचा कांदा उघड्यावर होता. "काकू, सतरंजी द्या, तासाभराचं काम हाय." छबूबाईंनी आपल्या घरातली दोन घोंगडी आणि स्वतःचं पांघरूण दिलं, मला दिलं नाही. "ही भिजून कुजली तर गाव बसंल कुठं?" एवढंच म्हणाल्या. तो माणूस वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. मग स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आला आणि निमूट भिंतीवर नाव लिहून गेला.

पुढे दिवस बदलले. मांडववाल्यांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, हिरव्या चटया आल्या. हमरस्त्याला मोठमोठी मंगल कार्यालयं झाली. गावात समाजमंदिर बांधलं, त्याला पंखे लागले. मला वर्षातून चार-पाच वेळाच कोणी मागू लागलं. एका पावसाळ्यात उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. छबूबाईंनी चष्मा लावून तीन दुपारी बसून तो शिवला. "हिला काय करती आता? जुनी झाली," बनुबाई म्हणाल्या. छबूबाई म्हणाल्या, "मी बी झाले की. मग मला बी टाकून देऊ का?"

वर्षातून दोनदा त्या मला उन्हात घालायच्या आणि गोरक्षनाथांना हाक मारायच्या, "या, पलीकडची टोकं धरा." घडी घालताना दोघं समोरासमोर चालत यायची. टोकाला टोक लागलं की गोरक्षनाथ आपली बाजू त्यांच्या हातात द्यायचे. असं पस्तीस वर्षं चाललं.

आता त्या रविवारचं सांगते.

गेल्या वर्षी आमच्या शिवारात मोजणीची माणसं येऊन गेली. निंबदऱ्याच्या माळावर कारखान्यांची नवी वसाहत होणार असं बोललं जाऊ लागलं. गावाचे दोन भाग पडले. गोरक्षनाथ जमीन द्यावी या मताचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माळाला मुरूम आहे, पाऊस नाही, आणि ओमला कामासाठी रोज सुप्याला जावं लागतं. काम गावातच आलं तर वाईट काय?

त्यांच्या मागच्या आळीतली मोनिका उलट मताची. ती स्वतः सुप्याला एका कंपनीत पाच वर्षं कामाला आहे. "मी आतून बघितलंय," ती म्हणायची. "सात महिनं कामाला घेत्यात, मग ब्रेक देत्यात, मग पुन्हा नवी. जमीन मात्र एकदाच जाती." तिने गावातली पोरं-पोरी आणि काही म्हातारी माणसं गोळा करून गट केला. सगळे कागद गावापुढे ठेवा, मगच सह्या मागा, अशी त्यांची मागणी होती. पंचायत समितीला आपला उमेदवार उभा करायचा की नाही, हेही त्यांना ठरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी सभा ठेवली. समाजमंदिर मागितलं, ते मिळालं. सगळ्यांना खुर्च्या पुरणार नाहीत म्हणून मोनिका ओसरीवर आली आणि तिने पुढच्या आठवड्यातल्या रविवारसाठी भिंतीवर लिहिलं, 'रविवार, सायंकाळी ५, सभा, मोनिका'.

ते वाचून गोरक्षनाथ तापले. "पूस ते," ते छबूबाईंना म्हणाले.

"मी कशी पुसू? ज्यानं लिवलं त्यानं पुसायचं."

"माझ्या घराच्या भिंतीवर माझ्याच इरोधातली सभा?"

"भिंत तुमची, चौकोन गावाचा."

"उद्या गाव पेटलं मंजी कळंल तुला."

"बसून कुठं गाव पेटतं? उभं ऱ्हाऊन पेटतं. बसू द्या त्यांना."

गोरक्षनाथ दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी छबूबाईंच्या छातीत कळ आली आणि त्यांना नगरला नेलं. तिथे दोघं जे काही बोलले असतील ते मला ठाऊक नाही. भिंतीवरचा तो विषय मात्र तसाच राहिला, आणि मग शुक्रवारी फोन आला.

सोमवारी समाजमंदिराला कुलूप लागलं. दारावर कागद चिकटवला होता, 'दुरुस्तीच्या कामामुळे सर्व कार्यक्रम रद्द'. दुरुस्तीला ना गवंडी आला होता ना वाळू. रद्द झालेला कार्यक्रम एकच होता.

त्याच दुपारी मोनिका ओसरीवर आली. मी दारापुढे पसरलेली होते. गोरक्षनाथ माझ्यावर भिंतीला टेकून बसले होते. तिने चप्पल काढली, त्यांच्या पाया पडली आणि उठून ओढणीच्या टोकाने भिंत पुसायला हात वर केला.

"काय करती?" गोरक्षनाथांनी विचारलं.

"पुसते, तात्या. घरात सुतक हाय. समाजमंदिर बी गेलं."

"सभा घ्यायची न्हाई का तुला?"

"घ्यायची तर हाय."

"मग पुसाया कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मीच आले."

गोरक्षनाथांनी त्या अक्षरांकडे पाहिलं. ती अक्षरं पुसली जावीत असं त्यांना स्वतःला आठवड्यापूर्वी वाटत होतं, हे मला ठाऊक आहे. मी तिथेच होते. आज तर त्यांना काही करावंही लागणार नव्हतं. पोरगी स्वतःच्या हाताने पुसत होती. नियमही मोडत नव्हता.

"कुलूप रामहरी सरपंचानं लावलं," ते म्हणाले. "मंजी तू पुसत न्हाईस, पोरी. तो पुसतोय. हात फक्त तुझा हाय."

मोनिकाने हात खाली घेतला.

"मी तुझ्या बाजूचा न्हाई."

"म्हाईतंय, तात्या."

"मी सही देणार हाय."

"ते बी म्हाईतंय."

"मग ऱ्हाऊ दे ते. रईवारी या समदे. माझं खळं मोकळं हाय." मग ते कष्टाने उठले, फळीवरचा खडू घेतला आणि मोनिकाच्या ओळीच्या वर लिहिलं, 'रविवार, सकाळी ८, छबूचा दहावा, गोरक्षनाथ'. स्वतःच्या घरातल्या कार्यालाही त्यांनी मला नाव लिहूनच मागितलं.

बुधवारी सरपंच रामहरी भेटायला आले. माणूस वाईट नाही. छबूबाईंना नगरला नेलं तेव्हा गाडी त्यांनीच दिली होती. ते माझ्यावर मांडी घालून बसले, हळहळले, चहा नको म्हणाले. मग हळूच विषय काढला.

"तात्या, दहाव्याच्या दिशी सभा? लोक काय म्हनतील?"

"सकाळी सुतक फिटतंय. सभा सांच्याला हाय."

"आवो पर तुमी तर जमीन द्यायच्या बाजूचं! तुमाला त्या पोरीचं काय पडलंय?"

"तिचं न्हाई पडलं. हिचं पडलंय." त्यांनी मला हाताने थोपटलं.

रामहरी हसले. "सतरंजी द्या की खुशाल. पर हांतरनार कुठं? हवेत?"

"माझ्या खळ्यात."

आता रामहरींचं हसू गेलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "मला वरनं फोन आलाय, तात्या. सभा हुऊ द्यायची न्हाई मनून. समजून घ्या. माझा बी नाइलाज हाय."

"त्या वरच्याला मनावं, खाली येऊन बस. सतरंजी लई मोठी हाय."

रामहरी निघून गेले. बनुबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मी काय म्हनते, खळ्यात सभा घेतली तर पोलीस आनतील. त्यापरीस दहाव्यालाच बोलू द्या ना पोरीला. दहाव्याला कुनी कुनाचं तोंड धरीत न्हाई. छबूबद्दल दोन शब्द बोलायचं आन मग जमिनीचं बोलायचं. झाली सभा!"

मित्रांनो, आमच्याकडे दहाव्याला माइक असतो. प्रवचन झालं की एकेक पुढारी उभा राहतो आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. ओळख असो नसो, बोलतो. कोणी परवानगी मागत नाही. त्यामुळे बनुबाईंची युक्ती अगदी बिनतोड होती. मोनिकालाही ती पटली असती.

गोरक्षनाथांनी मान हलवली. "न्हाई. छबूच्या आडून न्हाई बोलायचं. दहावा दहाव्यासारका हुईल, सभा सभेसारकी हुईल. लपून बोललं तर लपायसारकं काय तरी हाय असं हुतं."

रविवारी सकाळी मला ओढ्याकाठच्या घाटावर नेलं. त्या दिवशी गोरक्षनाथांनी मला पसरताना स्वतः पाहिलं, ठिगळांची बाजू खाली आहे ना ते. पिंड ठेवले आणि माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा शिवला. सगळे चकित झाले. बनुबाई म्हणाल्या, "तिला कुनाला ताटकळत ठिवायची सवयच नव्हती."

प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. तिसरे रामहरी उठले. माइक हातात आला की त्यांना शब्द सुचतात, आणि त्या दिवशी ते मनापासून बोलत होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी एक आठवण सांगितली.

"काकूंचं रिन माझ्यावर हाय," ते म्हणाले. "मी पंचवीस वर्सांचा हुतो. पहिल्यांदा निवडनुकीला उभा ऱ्हायलो. तवाच्या सरपंचानी मला देवळाचं पटांगन दिलं न्हाई. मनले, हा पोरगा गावात फूट पाडतो. मी काकूंच्या भिंतीवर नाव लिवलं. काकूंनी एक सबुद इचारला न्हाई. सतरंजी दिली. बाभळीखाली हांतरून मी पहिलं भाषन केलं. लोकहो, ती सतरंजी मिळाली नसती तर आज हा रामहरी तुमच्यापुढं उभा नसता!"

एरवी अशा वाक्याला माना डोलल्या असत्या. कोणाचीच डोलली नाही. चारशे माणसं माझ्यावर आणि माझ्या आजूबाजूला बसली होती आणि एकाचंही नाक वाजलं नाही. रामहरींना आधी कळलं नाही. मग त्यांची नजर पुढच्या बायकांमध्ये बसलेल्या मोनिकावर गेली आणि त्यांना कळलं. माइक त्यांच्या हातातच राहिला.

"त्यो... त्यो इषय येगळा हुता," ते म्हणाले.

"व्हय की," बनुबाई खालूनच म्हणाल्या. "तवा खुर्चीत दुसरा बसला हुता."

ज्याच्या घरचा दहावा असतो तो माणूस सहसा बोलत नाही. पण गोरक्षनाथ उठले. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. त्यांनी रामहरींच्या हातातून माइक घेतला. त्यांना माइकची सवय नाही. त्यांनी तो कपासारखा धरला.

"रामहरी चांगलं बोलला," ते म्हणाले. "काय बोलनार हाय, हे मी त्याला आदी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर हे ऐकाया मिळालं नसतं. आज पाच वाजता माझ्या खळ्यात मोनिकाची सभा हाय. मला तिचं पटत न्हाई. मी ऐकाया बसनार हाय. ज्याला पटतंय त्यानं यावं, ज्याला पटत न्हाई त्यानं बी यावं." मग ते रामहरींकडे वळले. "समाजमंदिराची किल्ली देतो का?"

रामहरींनी चपला पायात घातल्या. "न्हाई देता येत, तात्या," ते म्हणाले आणि घाट चढून गेले. मित्रांनो, मला वाटलं होतं ते देतील. त्यांच्या पहिल्या भाषणाच्या वेळी घामाने ओले झालेले त्यांचे तळवे मला अजून आठवतात. पण नाही दिली.

पाच वाजता ऊन कलतं झालं तेव्हा मला खळ्यात नेलं. ज्वारीचं खळं, शेणाने सारवलेलं, कडेने दगड. माइकला परवानगी मिळाली नव्हती, म्हणून माइक नव्हता. आधी सतरा माणसं आली. मोनिका दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होती. मग बायका आल्या. मग दहाव्याला परगावाहून आलेले पाहुणे गाडी वळवून आले. साडेपाचला मी पुरेना. लोक बांधावर बसले, बैलगाडीच्या जुवावर बसले.

मोटारसायकलवरून एक हवालदार आले. "आयोजक कोण?" त्यांनी विचारलं.

"सभा हिची, खळं माझं, सतरंजी गावाची," गोरक्षनाथ म्हणाले. "तिघांची नावं लिवून घ्या. सतरंजीला आडनाव न्हाई."

लोक हसले. हवालदारांनाही हसू आलं, ते त्यांनी मिशीत लपवलं. लाउडस्पीकर नाही, रस्ता अडवलेला नाही, जागा मालकाची, हे त्यांनी वहीत लिहिलं. फोनवर कोणाला तरी तेच दोनदा सांगितलं. मग सावली फक्त माझ्याच कडेला होती म्हणून तिकडे आले.

"सायेब, बूट," बनुबाई म्हणाल्या.

हवालदारांनी बूट काढले आणि बसले.

मोनिका उभी राहिली. पहिली दोन वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत. "मोठ्यानं बोल गं! कंपनीत मशीनपुढं बोलती तसं!" मागून कोणीतरी ओरडलं. मग तिचा आवाज सुटला. कोणत्या गटातली किती जमीन मोजली, कोणते कागद मागितले, कोणते मिळाले नाहीत, हे तिने सांगितलं. अर्धा तास बोलली. माइक नसल्यामुळे माणसं पुढे सरकत सरकत आली आणि सगळे एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. माझ्यावर इतकी दाटी कित्येक वर्षांत झाली नव्हती.

तिचं संपल्यावर गोरक्षनाथ उठले. "मला एक सांग. वसाहत नगं, बरं. मग माझा ओम अजून किती वर्सं रोज सुप्याला जायाचा? ह्या माळावर काय पिकवायचं? दगड?"

"त्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई, तात्या," मोनिका म्हणाली. "पर कागद न बघता सही करायची, हे तरी उत्तर हाय का?"

"ते न्हाई," गोरक्षनाथ म्हणाले. "पर माझं मत तेच हाय."

"माझं बी."

आणि ते खाली बसले. कोणी कोणाचं मत बदललं नाही. गावही पेटलं नाही. उमेदवाराचं ठरायचं होतं ते पुढच्या सभेवर गेलं, कारण अंधार पडू लागला आणि गाईगुरांची वेळ झाली.

सगळे गेल्यावर गोरक्षनाथ माझी घडी घालू लागले. सवयीने त्यांनी आपली दोन टोकं धरली आणि समोर पाहिलं. समोर कोणी नव्हतं. ते तसेच उभे राहिले, त्या शुक्रवारी सकाळी फोन आला तेव्हा राहिले होते तसे. मग मोनिकाने पलीकडची टोकं उचलली. दोघांनी मिळून घडी घातली. वेडीवाकडी झाली. "असू दे," गोरक्षनाथ म्हणाले, "शिकू."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मीही म्हणते. मला पावसाळ्याआधी ऊन दाखवा, उंदरांपासून वाचवा, चपला काढून बसा. पण मला जपून बाकावर ठेवून दिलं आणि कोणी माझ्यावर बसलंच नाही, तर त्या जपण्याला अर्थ नाही. मला अशा माणसासाठी पसरा ज्याचं म्हणणं तुम्हाला आवडत नाही. त्याचं पुरतं ऐका. मग उठा आणि त्याला खुशाल सांगा की तू चुकतोस. आवडत्या माणसासाठी तर कोणीही सतरंजी टाकतं. छबूबाईंनी जन्मभर दुसऱ्या प्रकारचं काम केलं, आणि त्याबद्दल कधी भाषण केलं नाही.

गोरक्षनाथांनी एप्रिलअखेर ग्रामपंचायतीत एक अर्ज दिला. आयुष्यातला त्यांचा पहिलाच अर्ज. 'समाजमंदिर गावाचे आहे. जो आधी मागेल त्याला द्यावे. तो काय बोलणार हे विचारू नये. एकदा दिलेले परत घेऊ नये. असा ठराव व्हावा.' खाली त्यांची सही आहे, मोनिकाची आहे, बनुबाईंचा अंगठा आहे, आणि जमिनीच्या दोन्ही बाजूंच्या मिळून एकसष्ट जणांच्या सह्या आहेत.

एक मेच्या ग्रामसभेत तो विषय शेवटचा ठेवला. त्याआधी नळाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि सभा संपली. गोरक्षनाथ दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रामपंचायतीत गेले आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी तोच अर्ज पुन्हा देऊन, पोच घेऊन आले.

समाजमंदिराला अजून कुलूप आहे. दुरुस्ती सुरू झालेली नाही. ठराव झालेला नाही.